तीन मुळांची दाढ

१

मावशीने हलकेच मारलेला गोल्फचा चेंडू होलच्या कडेवर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला. आवाज मात्र भलताच आला. होलच्या तळाशी चेंडू पडला की टप्प होतं. हे खट्ट झालं होतं, एका गोटीवर दुसरी गोटी आपटावी तसं.

"पडला गं बाई, पडला!" सोबत खेळणाऱ्या बेकरीताईंनी टाळ्या पिटल्या. गणिताच्या मास्तरांनी मान डोलावली. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक आजवर कुणाला मिळालं नव्हतं.

मावशीची भाची बॅगची गाडी धरून ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेला उभी होती. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत ती नोकरी करायची. खिशात कायम चिमटा आणि भिंग असायचं, म्हणून घरात आणि मैदानात सगळे तिला चिमटी म्हणत. आवाज खटकला तशी ती दोन पावलं पुढे आली.

मावशीने वाकून झेंड्याच्या बाजूने होलमध्ये हात घातला आणि दोन चेंडू बाहेर काढले. एक तिचा, पांढराशुभ्र. दुसरा मळकट, वाळूने माखलेला. तिने अंगठ्याने वाळू पुसली. खाली हिरव्या शाईने काढलेली एक दाढ दिसली.

मावशी ग्रीनवरच मटकन खाली बसली.

दाढेचं चित्र कुणाचं हे रविवारच्या ह्या लीगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीचे यजमान, चिमटीचे काका, दातांचे डॉक्टर होते. आपला चेंडू ओळखू यावा म्हणून ते प्रत्येक चेंडूवर दाढ काढायचे. महिनाभरापूर्वी एका बुधवारी ते झोपेतच गेले. त्यानंतर आज पहिल्यांदा मावशी त्यांची बॅग घेऊन, त्यांच्या जागी खेळायला उतरली होती.

"डॉक्टरांचा जुना चेंडू असेल कुठला तरी," बेकरीताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

"जुना नाही. शेवटचा आहे." मावशीने चेंडू पुढे धरला. "जाण्याआधीच्या रविवारी ह्यांचा अंगठा खणात चेमटला होता, म्हणून दाढ मी काढली. तीन मुळांची. हे हसले. म्हणाले, खालच्या दाढेला दोनच मुळं असतात, पण असू दे, वरची समजू. तीन मुळांचा चेंडू आमच्या घरात एकच होता. तो त्याच दिवशी ह्याच सातव्या होलवर हरवला."

"हरवलेला चेंडू आपल्या पायांनी येऊन होलमध्ये बसत नाही," मावशी म्हणाली. "त्या दिवशी तो कुणीतरी उचलला होता. आणि आज मी येणार म्हणून इथे आणून ठेवला."

तिने मास्तरांकडे पाहिलं नाही. पण बेकरीताईंनी पाहिलं, आणि मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला.

२

ही लीग म्हणजे काही मोठ्या लोकांचा कारभार नव्हता. नऊ होलचं साधं मैदान आणि रविवारी सकाळी खेळणारी माणसं: शिक्षक, दुकानदार, एक पोस्टमन, एक बेकरीवाली. नियमही त्यांच्यासारखेच, सैलसर. ते डॉक्टरांनी घालून दिले होते आणि सगळ्यांना तोंडपाठ होते.

पटरच्या, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायच्या दांड्याच्या, मुठीएवढं अंतर उरलं की समोरच्याने 'दिला' म्हणायचं. तो ठोका मारायची गरज नाही. वाळक्या पानांत चेंडू हरवला तर दंड नाही. कुंपणापलीकडे गेला तर एक ठोका दंड. शोधत बसायचं नाही, मागचे खोळंबतात. दुरुस्तीसाठी बंद केलेल्या ग्रीनवर पाय ठेवायचा नाही, मग तिथे चेंडू सोन्याचा पडलेला का असेना; तो दांड्याने ओढून घ्यायचा आणि दंडाशिवाय पुढे खेळायचं. आणि शेवटच्या होलनंतर टोपी काढून, सोबत खेळलेल्या प्रत्येकाचे त्याच्या एका ठोक्याबद्दल आभार मानायचे. नुसतं "छान खेळलात" चालत नसे. ठोका कोणता ते सांगावं लागे.

ह्या सैल कारभारात एकच माणूस घट्ट होता, तो म्हणजे मास्तर. त्यांना लीगमध्ये 'काटकोन' म्हणत. होलपासून वीतभर अंतरावरचा चेंडू असला तरी ते कधी 'दिला' म्हणाले नाहीत. "टाका. दिसेल," एवढंच म्हणायचे. डॉक्टरांचे ते शाळेपासूनचे मित्र. डॉक्टर गेल्यावर मावशीच्या घरचा गळका नळ, अडकलेलं दार, बँकेतली कामं, सगळं त्यांनीच न सांगता पाहिलं होतं.

आता क्लबाच्या खोलीत मावशी खिडकीशी बसली होती आणि काकांची बॅग दाराजवळ बांधून ठेवलेली होती.

"मावशी, बॅग का बांधलीस?"

"पुन्हा यायचं नाही म्हणून." मावशीचा आवाज कोरडा होता. "चिमटे, मला चेंडूचं काही नाही. पण ह्यांच्या शेवटच्या खेळात ज्याने हातचलाखी केली, त्याच माणसाने गेला महिनाभर माझ्या घरचा नळ दुरुस्त केला असेल, तर मी कुणाचे आभार मानत बसले होते?"

"मास्तरांनी केलं असं तुला वाटतं?"

"मला वाटायला नकोय गं. तेच तर." तिने पदर तोंडाला लावला. "पण त्या दिवशी चेंडू हरवल्याचा दंड ह्यांना कुणी लावला? भाऊजींनी. एका ठोक्याने कोण जिंकलं? भाऊजी. आणि आज सगळ्यांच्या आधी येऊन सातव्या होलकडून परत येताना पोस्टमनने कुणाला पाहिलं? मी सरळ विचारलं. म्हणाले, 'चालायला गेलो होतो.' पुढे मूग गिळून बसले."

चिमटीने चेंडू रुमालात घेतला. दुपारी चहाला सगळे जमायचे, त्यानंतर मावशी घरी जाणार होती. एकदा ती बॅग माळ्यावर चढली की खाली यायची नाही, हे चिमटीला पक्कं माहीत होतं. आधी काका गेले. आता त्यांचा खेळ आणि त्यांचा सगळ्यात जुना मित्रही त्यांच्या मागोमाग जाणार होता.

"चहापर्यंत थांब," ती म्हणाली. "मला ताई, मास्तर आणि मैदान सांभाळणारे मामा, तिघांशी बोलू दे."

"आणि बोलून काय मिळणार?"

रुमालातल्या चेंडूला काहीतरी चिकटलं होतं आणि ती ते डोळे बारीक करून बघत होती. केसासारखं बारीक. पण केस नव्हता तो.

३

बेकरीताई क्लबाच्या स्वयंपाकघरात कप विसळत होत्या.

"त्या दिवशी दाट धुकं होतं गं. आम्ही तिघंच, डॉक्टर, मास्तर आणि मी. सातव्याची खरी ग्रीन दुरुस्तीला काढली होती, म्हणून मामांनी अलीकडे गवतात एक कामचलाऊ ग्रीन करून दिली होती. डॉक्टरांनी असा काही फटका मारला की चेंडू त्या ग्रीनच्या डोक्यावरून धुक्यात गडप. पाठोपाठ आवाज आला, टक. झाडाला लागल्यासारखा. मी म्हटलं पानांत गेला, दंड नाही, चला पुढे."

"आणि मास्तर?"

"काटकोन तो! म्हणे टक नाही, टण वाजलं. लोखंड वाजलं. डावीकडे लोखंडी कुंपण आहे, चेंडू त्याला लागून पलीकडे गेला, दंड घ्या. डॉक्टर म्हणाले, अरे, धुक्यात तुला कुंपण दिसलं की काय? तर म्हणे, दिसलं नाही, ऐकलं." बेकरीताईंनी कप जरा जोरातच उपडा ठेवला. "कुंपणाकडे शोधायला पहिले धावले तेही तेच. मी मागे होते. आता तूच सांग, तिथे सापडला असेल आणि खिशात घातला असेल, तर मला कसं कळणार?"

"तुम्हाला तसं वाटतं, ताई?"

ताईंचे ओले हात थांबले. "मला वाटतं, मी पानांसाठी जरा आणखी भांडायला हवं होतं. शेवटी लीगची किटली मास्तरांना मिळाली. जिंकणाऱ्याने ती घरी न्यायची आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना चहा पाजायचा. डॉक्टर म्हणालेसुद्धा, तुझ्या हातचा पाणचट चहा प्यावा लागणार म्हणजे. पण दोघांचं एवढं बिनसलं होतं की शेवटच्या होलनंतर मास्तर टोपी न काढताच निघून गेले. आभार मानले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी नाक ओढलं. "आणि पुढच्या रविवारी चहा प्यायला डॉक्टर होतेच कुठे?"

मास्तर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसले होते. बूट काढलेले, आणि मांडीवर पाय घेऊन मोज्यातून काहीतरी उपटत होते. कुसळं. बोटांनी निघत नव्हती.

"द्या इकडे, सर." चिमटी खाली बसली आणि खिशातून चिमटा काढला. तो काकांच्या दवाखान्यातला होता, टोक किंचित वाकलेला. ती पदवीधर झाली तेव्हा काकांनी दिला होता. म्हणाले होते, दातांत आणि विज्ञानात घाई करायची नाही.

मास्तरांनी चिमटा ओळखला.

"सर, त्या दिवशी नक्की काय वाजलं?"

"टण. लोखंड. त्यात बदल नाही."

"चुकला असाल तर?"

"चुकलो असेन तर दंड चुकीचा लावला. पण ऐकलं ते ऐकलं. वहिनींना बरं वाटावं म्हणून मी आता टक म्हणणार नाही."

"आणि आज सकाळी सातव्या होलकडे कशाला गेला होता?"

"चालायला."

चिमटीने उपटलेली कुसळं एकेक करून तळहातावर मांडली. काही हिरवट, ताजी. पण मोज्याच्या शिवणीत आणि पँटच्या दुमडीत आणखी होती, मऊ पडलेली, साबणाच्या पाण्यातून गेलेली, आणि ती सगळी एकाच वेळची दिसत नव्हती. सकाळपासून ती स्वतः ह्याच मैदानातून चालत होती. तिने आपल्या मोज्यांकडे पाहिलं. एकही कुसळ नव्हतं.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही दर रविवारी चालायला जाता?"

मास्तरांनी पाय खाली घेतला. बूट चढवला.

"चेंडू मी ठेवला असं ठरत असेल, तर ठरू दे," ते उठत म्हणाले. "वहिनींना सांग, किटली मी परत आणली आहे. लीग सोडतोय."

४

मैदानाची देखभाल करणारे मामा अवजारांच्या शेडबाहेर गवत कापायच्या यंत्राची पाती पुसत होते.

"पोरी, तुझ्या काकांचं ऐकलं. वाईट झालं गं सगळं. माझी खालची दाढ त्यांनीच वाचवली, नाहीतर मी आज खिमट खात बसलो असतो." मामांनी गाल दाबून दाखवला. "बोल, काय विचारायचंय?"

"कुसळांचं गवत मैदानात कुठे आहे?"

"मैदानात? मी वाढू देईन होय? फक्त कुंपणाच्या कडेने. तिथे यंत्र जात नाही."

चिमटीने मान हलवली. एक गाठ सुटली होती. "आता सातव्या ग्रीनचं सांगा. बंद कधी केली, उघडली कधी, सगळं."

"गवताला बुरशी लागली होती. मग शनिवारी संध्याकाळी वरचं खराब खरवडून काढलं, बारीक वाळूचा थर दिला, फळीने गुळगुळीत केला, झेंडा उपटून कामचलाऊ ग्रीनवर लावला. सोमवारी पहाटे बी फेकलं, वरून पांढरं कापड अंथरलं, चहूबाजूंनी खुंट्या ठोकल्या. ते कापड काल काढलं. आज पहाटे झेंडा परत लावला आणि तुम्ही लोक पहिलेच खेळायला आलात."

"आणि मधल्या रविवारी, काका खेळले तेव्हा, वाळू उघडीच होती?"

"उघडी. पण कुणी पाय ठेवला नाही. सोमवारी आधी तेच बघितलं. एक पाऊल जरी दिसलं असतं ना, तर मी सगळ्या लीगला ऐकू जाईल अशी बोंब मारली असती." मामा क्षणभर थांबले. "एक बारीकशी रेघ होती फक्त. कडेकडून मधे. म्हटलं पाखरू चाललं असेल."

चिमटीचे कान टवकारले. "पाखराची पावलं दिसली होती?"

"पावलं... नाही. नुसती रेघ. बी फेकलं आणि फळी फिरवली, गेली."

"होल बुजवला नव्हता?"

"त्यातलं भांडं काढलं असतं तर परत खणताना कोवळी मुळं दुखावतात. तसाच ठेवला."

"आत डोकावलात?"

मामांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने त्यांना कानात डोकावायला सांगितलं होतं. "झेंडा नसलेल्या होलमध्ये कोण डोकावतं, पोरी? आणि आज पहाटे अंधारच होता. झेंडा खोचला तेव्हा खाली जरा करकरलं, शेजारी काहीतरी घासल्यासारखं. वाटलं, वाळू आत गेली असेल."

चिमटीने खिशातून रुमाल काढून चेंडू उघडा केला. वाळूखाली, दाढेच्या मागच्या बाजूला, एक लाल पट्टा उमटलेला होता. खरवडला तर निघत नव्हता. खळग्याखळग्यांत भरून बसला होता.

"मामा, मैदानात लाल रंगाचं काय आहे?"

"लाल? काहीच नाही." मग त्यांनी डोकं खाजवलं. "म्हणजे, शेडमधला रोलर आहे. लोखंडी. शनिवारी ग्रीनवरून फिरवला आणि तिथेच डाव्या कडेला ठेवून रंग दिला. सोमवारी आत ओढून आणला. पण त्याला तर तू पाहिलेलंसुद्धा नाहीस."

"रविवारी रंग वाळला होता?"

"धुक्यात? हात लावला असता तर पंजा उमटला असता."

चिमटी उठली. "शेडचं दार उघडा."

५

चहाला किटली आली, पण कुणी कप उचलला नाही. चिमटी दारात उभी राहिली, हाताला गंज लागलेला, गुडघ्यावर धूळ.

"इथे नको," ती म्हणाली. "सगळ्यांनी सातव्या होलवर चला. सर, तुम्हीसुद्धा. लीग सोडायची ती तिथून परत आल्यावर सोडा."

"हे काय नाटक?" मावशी म्हणाली. पण उठली.

सातव्या होलच्या टीवर, जिथून पहिला फटका मारतात तिथे, चिमटीने सगळ्यांना उभं केलं. समोर अलीकडे कामचलाऊ ग्रीनचा कापलेला चौकोन, त्यामागे खरी ग्रीन, डावीकडे मागे कुंपण. मामांनी तिच्या सांगण्यावरून लाल रोलर पुन्हा ग्रीनच्या डाव्या कडेला आणून ठेवला होता, त्या दिवशी होता तिथेच.

"इथून बघा. रोलर आणि कुंपण एका रेषेत आहेत. धुक्यात डोळे कामाचे नव्हते, नुसता आवाज. सरांनी टण ऐकलं, ते बरोबर ऐकलं. लोखंडच वाजलं. पण कुंपण नाही, रोलर."

"कशावरून?" हा प्रश्न मास्तरांचाच. आरोपातून सुटतानाही त्यांना पुरावा हवा होता.

चिमटीने त्यांना रोलरपाशी नेलं. लाल रंगात, वीतभर उंचीवर, एक वाटोळा ठसा होता. भिंगातून पाहिलं तर त्यात चेंडूवरच्या खळग्यांची नक्षी उमटलेली, उलटी, उठावाची. आणि चेंडूवर लाल पट्टा. तिने चेंडू ठशाला लावला. तो किल्ली कुलपात बसावी तसा बसला.

"हा ठसा फक्त ओल्या रंगात उमटतो. रंग रविवारी ओला होता. म्हणजे चेंडू कुणी महिनाभर खिशात बाळगला असेल, तर तो हा ठसा उमटल्यानंतरच. आता खिशाकडे येऊ."

"हो ना," बेकरीताई म्हणाल्या. "रोलरला लागून खाली पडला, आणि तिथून उचलून होलमध्ये टाकला, असं कुणी केलं नसेल कशावरून? त्याच दिवशी?"

"चांगला प्रश्न, ताई. ग्रीनवर गुळगुळीत वाळू होती. होलपर्यंत जाणाऱ्याची पावलं उठली असती. मामांना सोमवारी एकही दिसलं नाही. दिसली ती एक रेघ, कडेपासून मधोमध. मामा म्हणाले पाखरू. पण पाखराच्या रेघेला पावलं असतात. ह्या रेघेला नव्हती. चेंडू गेला होता तो. रोलरला आपटून मागे वळला, वाळूवरून घरंगळला आणि थेट आत."

मावशीने तोंडावर हात धरला. "मग नंतर कुणी ठेवला असेल? मामांनी कापड काढल्यावर?"

"त्याचं उत्तर माझ्या धंद्यातलं आहे." चिमटीने चिमट्याने चेंडूवरून एक पांढरट तंतू अलगद उचलला आणि मावशीच्या तळहातावर ठेवला. "हे गवताचं रोप आहे, मावशी. वाळलेलं. बघ, वर टरफल अजून चिकटलेलंय. ग्रीनवरची बाकीची रोपं हिरवी, बुटकी. हे लांबलचक आणि पांढरं. अंधारात उगवलेलं रोप उजेड शोधत असंच उंच होत जातं आणि थकून वाळतं. सोमवारी फेकलेलं बी होलमध्ये गेलं, चेंडूवर पडलं आणि चेंडूवरच रुजलं. त्याची मुळं वाळूसकट खळग्यांत घट्ट बसलीत. म्हणजे बी पडलं तेव्हा चेंडू आधीच खाली होता, आणि तेव्हापासून कुणी हलवलेला नाही."

वाऱ्याने झेंडा फडफडला.

"कुणीच चोरला नाही," चिमटी म्हणाली. "तुम्ही तिघं त्या दिवशी चेंडूपासून दहा पावलांवर होता. पण काकांनीच शिकवलं होतं, बंद ग्रीनवर पाय ठेवायचा नाही. धुक्यात, भांडणातसुद्धा तो नियम तुमच्यापैकी कुणी मोडला नाही. लीगमध्ये एक जरी बेशिस्त माणूस असता ना, तर चेंडू त्याच दिवशी सापडला असता."

मामा आधी हसले. मग बेकरीताई. मग मावशी, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आणि भाऊजी आज सकाळी इथे काय करत होते?" तिने डोळे पुसत विचारलं.

मास्तर रोलरकडे बघत होते. चिमटीने खिशातून कागदाची पुडी काढली आणि उलगडली. कुसळं होती.

"ही कुंपणाच्या कडेलाच मिळतात. काही आजची आहेत, काही गेल्या रविवारची, काही त्याच्याही आधीची. सर सगळ्यांच्या आधी येऊन, चार पायांवर रांगत, हाच चेंडू शोधत होते, मावशी. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना."

"कशाला?" मावशीने मास्तरांना विचारलं. आवाज आता कोरडा नव्हता.

मास्तरांनी मोज्यात राहिलेलं एक कुसळ उपटलं. मग म्हणाले, "पलीकडे सापडला असता तर मी बरोबर होतो, असं कळलं असतं. अलीकडे सापडला असता तर चूक होतो, असं कळलं असतं. दोन्ही चाललं असतं, वहिनी. न सापडणं तेवढं चालत नव्हतं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"पुरावा नव्हता."

"अहो, मी काय परीक्षा घेत होते तुमची?" मावशी म्हणाली, आणि मग तिने हात जोडले. "चुकले मी, भाऊजी."

"छे छे." मास्तर गडबडले. "दिसत होतं तसंच तुम्ही मांडलंत. कोणीही मांडलं असतं." आणि लगेच घसा खाकरून, वर्गात बोलावं तसे म्हणाले, "मुद्दा असा की चेंडू कुंपणाबाहेर गेला नाही. बंद ग्रीनवर गेला. त्याला दंड नाही. डॉक्टरांचा ठोका परत. सामना बरोबरीत. किटली दोघांची."

६

"आणि ते दुसरं?" बेकरीताईंनी विचारलं.

"कोणतं?"

"अहो, पहिल्याच फटक्यात चेंडू आत! होल-इन-वन! उभं आयुष्य त्याच्यासाठी तळमळले डॉक्टर. ते द्यायचं की नाही?"

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. मावशीनेही पाहिलं, पण लगेच नजर वळवली. तिला मागायचं नव्हतं.

"नियमाने," मास्तर सावकाश म्हणाले, "त्या दिवशी चालू असलेला होल अलीकडचा होता. झेंडा तिकडे होता. हा बंद होता. रोलर मधे नसता तर चेंडू इथे आलाही नसता. नियमाने तो होल-इन-वन होत नाही."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. "जाऊ दे. हे स्वतःच म्हणाले असते, असू दे, वरची समजू."

मास्तर काही वेळ होलकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुढे गेले, आणि खाली त्या काळ्या वर्तुळाकडे बघून म्हणाले,

"दिला."

लीगमध्ये त्यांच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. बेकरीताईंनी मामांचा दंड गच्च धरला.

"आणि डॉक्टर," मास्तर तसेच टोपी हातात धरून म्हणाले, "सातव्या होलवरच्या तुझ्या पहिल्या ठोक्याबद्दल आभार. त्याच दिवशी मानायला हवे होते. तू पलीकडे गेलास म्हणून मी वाद घातला, आणि तू इथेच होतास."

चिमटी जरा बाजूला झाली. तिने हातातला वाकड्या टोकाचा चिमटा पुसला, बंद केला आणि क्षणभर मुठीत धरून ठेवला. मग खिशात टाकला. काकांचे आभार ती कुणाला ऐकू जातील असे मानणार नव्हती.

मावशीने डोळे पुसले, पदर खोचला आणि दाढेचा चेंडू बॅगच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मग म्हणाली, "सकाळचे दोन होल राहिलेत आपले. उन्हं उतरायच्या आत खेळायचे की नाही?"

"चहा?" मामांनी विचारलं.

"किटलीवर झाकण ठेवा. भाऊजींचा चहा गार झाला काय आणि गरम असला काय, चवीत फरक नाही."

"पाणचट," बेकरीताई म्हणाल्या.

"पाणचट," मास्तरांनी मान्य केलं.

आठव्या होलवर मावशीचे दोन फटके वाकडे गेले, तिसरा सरळ आला आणि चेंडू होलपासून पटरच्या मुठीएवढ्याच अंतरावर येऊन थांबला. ती चेंडूपाशी गेली, कमरेवर हात ठेवला आणि मास्तरांकडे बघून भुवया उंचावल्या.

"दिला ना, भाऊजी?"

मास्तरांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"टाका. दिसेल."

मावशी खळखळून हसली. काका गेल्यापासून चिमटीने ते हसू ऐकलं नव्हतं. मग मावशी वाकली आणि तिने पटर हलकेच पुढे ढकलला.

टप्प.